बुटकी खुर्ची

हार्लिंगनच्या त्या शाळेत मला बसायला दिली
गुडघे हनुवटीला टेकतील एवढी खुर्ची.
"तासभर नुसतं बघा," चित्स्के बाई म्हणाल्या,
"बोलू नका. मदत तर मुळीच नको."
बावीस वर्षं मी फेरीबोटीवर दोर बांधते आहे.
धक्का जवळ आला की हात आपोआप पुढे जातो.

एक मुलगी पाणी ओतत होती,
या जगातून त्या जगात.
(काचेचे जग. दुसरा अर्थही चालेल.)
सांडलं. तिनं फडकं आणलं, पुसलं, पिळलं,
वाळत घातलं,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
सात वेळा. मी मोजलं.
कुणी शाब्बास म्हणालं नाही.
ती वाट बघत होती असंही दिसलं नाही.
माझा हात मात्र दोनदा मांडीवरून उठला.

निंके माझी इथे रमेल, डोळे झाकून सांगते.
ताटातले वाटाणे ती ओळीनं लावते,
चुकलं तर कुणी बघायच्या आत
आपलं आपण दुरुस्त करते.
हे कौतुकाचं की काळजीचं,
तेही एकदा ठरवायला हवं.

प्रश्न योरितचा.
त्याला म्हटलं, हवं ते कर,
की तो खिडकीशी जातो
आणि बंदरातली क्रेन बघतो.
उद्याही. परवाही.
बाईंच्या फळ्यांवर सगळ्याला जागा आहे,
घंटांना, मण्यांना, खरखरीत अक्षरांना.
क्रेन बघणं कुठल्या खणात ठेवतात?

डाउवे म्हणतो,
"आम्ही रांगेत बसून एका सुरात पाढे म्हटले,
काय वाकडं झालं माझं?"
असं म्हणतो,
आणि चार वर्षं सोडायची असलेली नोकरी
कुणीतरी सोड म्हणेल म्हणून धरून बसतो.

सासूबाई म्हणतात, "पोरं म्हणजे बटाटे,
येतात कुठल्याही मातीत."
त्यांच्या शेतात मात्र
लवकरचा बटाटा एका तुकड्यात, उशिराचा दुसऱ्यात,
आणि मध्ये पाऊल टाकलं की ओरडा.

मग योरितची चाचणीची सकाळ आली.
त्यानं गुलाबी मनोऱ्याच्या टोकाच्या ठोकळ्याला
खिशातली सुतळी बांधली
आणि तो वर उचलला, हळू, फार हळू,
जिभेचं टोक बाहेर काढून.
बाई आल्या. सुतळी सोडवली, गुंडाळली,
त्याच्या तळहातावर ठेवली.
"मनोरा मनोऱ्यासाठी," म्हणाल्या. आवाज मऊच.
तो खिडकीकडे गेला.
मी मनात नकार लिहून टाकला, ठळक अक्षरांत.

पण निघताना कोटाची चेन.
अकरा मिनिटं.
दोन दहाची माझी बोट, घड्याळ माझ्या मनगटावर,
आणि दारात चौदा मुलं बूट घालून उभी,
एकही हसेना, एकही पुढे होईना.
बाई छताकडे बघत होत्या, जणू तिथे पाऊस येणार होता.
खर्रकन चेन वर गेली.
त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाईंना विचारलं, जमेल का त्याला इथे?
"माहीत नाही," म्हणाल्या.
मला खात्री विकायला आलेले लोक पुष्कळ भेटलेत.
हे उत्तर घेऊन मी बोटीवर गेले,
दोर सैल सुटला, दुसऱ्यांदा टाकावा लागला.

रात्री त्यालाच विचारलं.
"तिथल्या नळाला गरम पाणी नाही," तो म्हणाला.
बस्स, एवढंच त्याचं मत.

फॉर्म फ्रीजवर आहे.
वरच्या ओळीत निंके, तिच्या स्वतःच्या अक्षरात.
खालची ओळ कोरी.
शुक्रवारपर्यंत मुदत.

सकाळी तो पावाला लोणी लावतो आहे.
सुरी उलटी धरली आहे.
मी ओट्याशेजारचं बुटकं स्टूल ओढून बसले आहे,
दोन्ही हात
मांडीखाली दाबून.